ओर्तिगाचा वाकडा अंगठा

वालपाराइसो, ८ मार्च १९९८

ती. तेयोदादास,
सा. न. वि. वि. नमस्कार दोनदा घे, कारण मागच्या पत्राला मी उत्तरच दिलं नाही.

तू पाठवलेला होडीच्या दोराचा तुकडा पोचला. डबा उघडला तशी आमची प्रयोगशाळा गुत्त्यासारखी घमघमली. स्पिरिट मिळालं नाही म्हणून पिस्को ओतलीस ना? किडे टिकले, पण झिंगून मेले असावेत. आता स्पिरिट मी पाठवते. पिस्को तूच संपव.

ते तांदळाएवढे किडे म्हणजे कोळंबीचे दूरचे भाऊबंद. दोरावरच्या शेवाळात मातीच्या नळ्या करून राहतात. त्यांच्या जाती ओळखायच्या त्या नराच्या मोठ्या हातावरून; माद्या साऱ्या सारख्याच. आपल्या किनाऱ्यावरच्या नेहमीच्या जातीत त्या हाताचा अंगठा आखूड आणि सरळ असतो. ओर्तिगाच्या दोरावर तसे नर आहेतच, पण त्यांच्यातच काहींचा अंगठा लांब आणि टोकाशी वाकडा आहे. पेरूपासून पार दक्षिणेच्या सामुद्रधुनीपर्यंतच्या आमच्याकडच्या बाटल्या मी पाहिल्या. वाकडा अंगठा कुठेच नाही.

खनिजाच्या धक्क्यासाठी आपली खाडी बुजवणार हे ठरल्यापासून तू विचारतो आहेस की माझ्या शिकण्याचा कोणाला काही उपयोग आहे का. तुमच्या वकीलबाई म्हणतात ना, की जगात दुसरीकडे नाही असा एक जीव दाखवा, म्हणजे सप्टेंबरच्या सुनावणीत धक्का अडवते? तर कदाचित हा तो असेल. ‘कदाचित’ पुन्हा वाच. वर्षभर, दर महिन्याचा दोर लागेल. लहानथोर सगळ्या वयाचे नर बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. तूही बोलू नकोस.

आईला नमस्कार. लोभ आहेच, थोडा धीरही असू दे.
तुझी इर्मा

कालेता ओर्तिगा, १९ एप्रिल

चि. इर्मास,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे ओरडा खाण्याआधीचे समज, कारण मी बोललो.

काय करणार? मच्छीमार संघाच्या बैठकीत सगळे मान खाली घालून बसले होते. निकानोर म्हणाला की भरपाई घेऊन अंतोफागास्ताला जाऊ आणि बसस्टँडवर तळलेल्या एम्पानाडा विकू. मला राहवलं नाही. मी अध्यक्ष आहे की खांब? सांगून टाकलं. आधी कोणाला पटेना. मग निकानोरच म्हणाला की जन्मभर ज्यांना दोरावरून खरवडून फेकलं, ते आपले घरमालक निघाले, आता भाडं वाढवतील. इतकं हसलो की वकीलबाई घाबरल्या.

किड्याला आईचं नाव द्यायचं असं एकमताने ठरलं. आई भडकली. म्हणाली, क्लेमेन्सिया हे नाव माझ्या आजीचं, ते पिसवेला देता, लाजा नाहीत? पण आता रोज संध्याकाळी चहापाव पुढे आला की विचारते, पोरीचं काही आलं का.

एप्रिलचा दोर सोबत आहे. पिस्को नाही, शपथ.
तू आहेस म्हणून उभा असलेला,
तेयो

वालपाराइसो, ७ जून

ती. तेयोदादास,
सा. न. वि. वि.

मी रागावले होते, म्हणून लिहिलं नाही. आता राग नाही, भीती आहे.

वाकडा अंगठा फक्त सगळ्यांत मोठ्या नरांत दिसतो. लहान वाकड्या अंगठ्याचा एकही नर मला सापडलेला नाही. असा कुठला प्राणी असतो ज्याची सगळी पोरं दुसऱ्याच्या घरची असतात? कदाचित लहान नर खोल पाण्यात राहत असतील. कदाचित हिवाळ्यात वर येत असतील. बघ, मीच तुझ्यासारखी बोलायला लागले आहे. रोज सूक्ष्मदर्शकावर डोळा टेकवण्याआधी स्वतःला विचारते, की बाई, तू बघायला बसलीस की शोधायला? आणि उलटही वाटतं. माझं घर तिथे आहे म्हणून लोक पक्षपाती म्हणतील, या धाकाने मी जास्तच खुसपटं काढते आहे का?

आईचं नाव कुठे रंगवू नका. हिवाळ्याचे दोर मात्र पाठव, खोलातलेसुद्धा. पाणी गार आहे, जपून उतर.

माया कमी करू नकोस, काहीही झालं तरी.
इर्मा

कालेता ओर्तिगा, ५ जुलै

चि. इर्मास,
आशीर्वाद.

तुझं पत्र उशिरा पोचलं. रंगवून झालं होतं. सान पेद्रोच्या, आपल्या कोळ्यांच्या संताच्या दिवशी त्याची मूर्ती पहिल्या होडीत बसवून खाडीची फेरी काढली, आणि त्या होडीच्या नाकावर तू पाठवलेल्या चित्रातला हात, हा एवढा मोठा, वाकड्या अंगठ्यासकट! पाद्रीबाबांनी विचारलं की हा कोणता संत. निकानोर म्हणाला, नवा आहे बाबा, अजून पोपची सही यायची आहे. आई होडीत बसली होती. आपले बाबा बुडाले त्या खडकापाशी, त्यांच्या नावाच्या त्या छोट्या देवळीसमोर, होडी थांबवून तिने फुलं टाकली आणि म्हणाली की हलायचं नाही आता, ऐकलंस ना म्हाताऱ्या. त्यांचं शरीर सापडलंच नव्हतं. हलणार ते कुठे?

दोर मी स्वतः बुडी मारून तळापासून कापून आणले. हात दोन दिवस माझे नव्हते. आईने चिठ्ठ्या बांधल्या. तू म्हणालीस तसं काही निवडलं नाही, काही टाकलं नाही, होतं ते सगळं भरलं.

सुनावणीला तूच ये. कोट घालून ये.
तेयो

वालपाराइसो, २३ ऑगस्ट

ती. तेयोदादास,
सा. न. आज पुढचं काही लिहवत नाही.

तू तळातून आणलेल्या दोरावर एक नर मिळाला. कात टाकता टाकताच मेलेला. जुनी कात अर्धी निघालेली, हाताला अजून चिकटून. त्या जुन्या हाताचा अंगठा आखूड, सरळ. आत नवा मऊ हात. त्याचा अंगठा लांब, वाकडा.

दादा, एकच प्राणी आहे. दोन जाती नाहीत. नेहमीचाच नर शेवटची कात टाकतो तेव्हा असा होतो. इतरत्र बहुतेक तो तेवढा वाढतच नाही. ओर्तिगात वाढतो, कारण तुम्ही तिथे मासे साफ करता, आतडी पाण्यात टाकता, पोटभर खायला असतं, असं मला वाटतं. वाकडा अंगठा म्हणजे चांगला जेवलेला नर, एवढंच.

तो किडा चिमट्यात धरून मी बराच वेळ बसले. पुसून टाकला असता तर जगात कोणाला कळलं नसतं. असं मनात आलं, हे तुला सांगायला हवं. पण मग त्या जातीखाली आईचं नाव लिहायचं, आणि ते खोटं आहे हे एकटीने माहीत असायचं. तेवढ्यासाठी थांबले की निव्वळ सवयीने, मला ठरवता येत नाही. काल वकीलबाईंना अहवाल पाठवला. मागे घेता येणार नाही असा पाठवला, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

तू काही निवडलं असतंस, काही टाकलं असतंस, तर तो माझ्यापर्यंत आलाच नसता. तू माझं ऐकलंस.

लोभ असावा म्हणायचा मला हक्क नाही. तरी मागते.
इर्मा

कालेता ओर्तिगा, २७ सप्टेंबर

चि. इर्मास,

अठरा सप्टेंबरच्या राष्ट्रीय सणाला ये म्हणून लिहिलं नाही, ते मुद्दाम. पोरांनी तोंड फिरवलं असतं, आणि मीही.

सुनावणी झाली. अहवाल वाचला गेला, मग जेवणाची सुट्टी झाली. वकीलबाई आमच्याकडे बघेनात. संध्याकाळी धक्का मंजूर झाला. बाबांची देवळी डोंगरावरच्या दफनभूमीत हलवायची परवानगी मिळाली आहे, तिथून समुद्र दिसत नाही.

एक विचारायचं होतं. धक्का झाल्यावर ते किडे कुठे जातील? तिथेच धक्क्याच्या कंपनीचा माणूस हसत म्हणाला की काही काळजी नको, धक्क्यांचे खांब त्यांना फार आवडतात, वर्षभरात लाखोंनी होतील. खरं आहे का गं हे? असेल तर कळवू नकोस.

आईला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. कात टाकणाऱ्याचं तिने पुन्हा वाचायला लावलं. म्हणाली, पोरीने बघितलं ते सांगितलं, तिला मी तसंच वाढवलं, आता भोगा. मग चहा गार होऊ दिला. नंतर म्हणाली की तिला लिही, आम्हीपण इथेच सापडतो, दुसरीकडे नाही. आमचा हात कोणी काचेखाली धरला नाही. हे लिहायचं नव्हतं, पण तिने शपथ घातली.

होडीवरचं चित्र मी खरवडलं. नीट निघालं नाही, अंगठा राहिलाच.

तू वर्षभराचे दोर मागितले होतेस. सप्टेंबरचा सोबत आहे, तुझ्याच स्पिरिटात. निवडलेलं नाही, टाकलेलं नाही. ऑक्टोबरचा मिळणार नाही. होड्या सोमवारी वाळूवर ओढून घेतल्या, दोर सुकले.

आशीर्वाद कमी झालेले नाहीत. फक्त सध्या पोचवता येत नाहीत.
तेयो