झुलत्या पुलावरून, बसून

प्रिय ताई,

डॉक्टरांनी वाकायला मनाई केल्यामुळे धाकट्या बहिणीने उभ्याउभ्याच केलेला नमस्कार. तुझा खोकला आणि वरच्या मजल्यावरचा तबला, दोन्ही थांबले का? पाकिटावरचा शिक्का पाहून चक्रावू नकोस. मी जंगलात आहे. (राहायला. संन्यास घेतलेला नाही.)

झालं असं, की आमच्या चिरंजीवांनी सूनबाईंसह इथल्या इको लॉजमध्ये आठ दिवस राहायचं ठरवलं होतं. ऐन वेळी त्याची रजा नामंजूर झाली. "आई, तेवढं बुकिंग रद्द कर," म्हणाला. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून माझ्या वाट्याला अशीच बसल्या जागेची कामं येतात. (भाजी निवड, कुरिअर घे, बुकिंग रद्द कर.) मी फोन लावला आणि दोघांऐवजी एकच माणूस येईल, असं कळवून टाकलं.

हे लॉज सगळं गाव मिळून चालवतं. मालक कुणीच नाही, त्यामुळे तक्रार केली की बैठक बसते. पहिल्याच दिवशी पोटरीला जळू लागली, त्यावरही बसली. (जळू पोट भरून निघून गेली, बैठक चालूच.) पाऊस असा, की टॉवेल चार दिवस दोरीवर आहे आणि रोज थोडा जास्तच ओला होतो. न्हाणीला छप्पर नाही. वर फांदीवर माकडं ओळीने बसतात. एकतीस वर्षं गणित शिकवलं, पण इतका एकाग्र वर्ग मला कधी लाभला नव्हता.

तर नदीपलीकडे एका प्रचंड झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी आहे. अंडी घालायच्या वेळी ती आत बसते आणि दार लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवायची, नर आणेल ते खायचं, असे काही महिने. हे ऐकलं आणि ठरवलं, हिला भेटल्याशिवाय परत जायचं नाही. पण मध्ये दोरांचा झुलता पूल. तो बांधणारा सुतार बैठकीत म्हणाला, "पूल माझा, गुडघा तुमचा. मी एकाचीच हमी देतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष गावची सुईण आहे. तिने माझा गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं, चार दिवस रोज झऱ्यापर्यंत तीन फेऱ्या मारा, मग बघू. मी पाच मारल्या. (एकदा वाटेतच चिखलात बसले होते, ती फेरीही धरली आहे.)

पाचव्या दिवशी सकाळी निघालो. मी पुढे, मागे सुतार, त्याच्यामागे सुईण. मधोमध आल्यावर फळ्यांच्या फटीतून खालचं पाणी दिसलं आणि पाय थिजले. सुताराने हात पुढे केला, चला, परत नेतो म्हणाला. खरं सांगते ताई, त्या क्षणी वाटलं, 'आई, तू आता घरीच बसून राहा' असं चिरंजीव म्हणतो तेच बरोबर. आणि तेच मला सहन होईना.

"नको," मी म्हणाले, "मी बसून येते."

आणि खाली बसून एकेक फळी सरकत गेले. पुलाला एकशे अठरा फळ्या आहेत, त्यातल्या एकोणसाठ बसून. पलीकडे पोचले तेव्हा मागच्या बाजूचे कपडे पुलाला अर्पण झाले होते.

झाडाखाली दोन तास बसलो. नर फळ घेऊन आला, फटीतून चोच दिसली, पण तिने फळ घेतलंच नाही. आतून भिंतीवर टोचे मारू लागली. "आज निघतेय ती," सुईण हळूच म्हणाली. मातीचे तुकडे पडत राहिले. शेवटी बाहेर आली तेव्हा पिसं विस्कटलेली, फांदीवर धड उभंही राहता येईना. तरी उडाली. मी रडले. सुताराने तोंड दुसरीकडे फिरवलं, पण त्याचंही नाक वाजलं.

भावोजींना नमस्कार.

तुझी हट्टी,
छोटी

ता. क. चिरंजीवांना वाटतंय, मी तुझ्याकडे आहे. इथे मोबाईलला रेंज नाही. मीच फोन करीन असं सांगून आलेय, पण त्याचा धीर आठवडाभरच टिकतो. तुला फोन आला तर मी झोपलेय म्हण.

पुन्हा ता. क. मुक्काम आठ दिवसांवरून तीस दिवसांचा करून घेतला आहे. स्वयंपाकघरात माझी पाळी लागली आहे. (ठराव मी मांडला, अनुमोदनही मीच दिलं.) महिनाभर झोप त्याला पटणार नाही, तेव्हा कारणं बदलत जा.

अगदी शेवटचं. माझ्या खोलीत दुसरी खाट रिकामी आहे. तिच्यावर तुझं नाव घातलंय. आजपासून जिना चढ-उतार सुरू कर. फोनचं काम भावोजींवर सोपव. दोघी बाजारात गेल्यात, एवढं एक वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घे.