आठव्या प्लेटवरचा पांढरा ठिपका

सोमवार, ९ मार्च
दुपारी साडेतीन

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे? दिवसभर मशीन चालवू नका, किती वेळा सांगायचं?

मखमलीचं पार्सल मिळालं. तुकडे नेहमीसारखे काटेकोर. मी ते उघडून पुन्हा बांधून ठेवले.

तुम्ही नेहमी विचारता, त्या कापडाचं करतेस काय. निर्जंतुक मखमल यीस्टच्या प्लेटवर दाबायची, तिची लव पेशी उचलते, मग तीच दुसऱ्या प्लेटवर दाबायची. तिथलं अन्न असं असतं, की श्वास घेणारं यीस्टच वाढतं. आमच्या यीस्टला तो घेता येत नाही. पेशीत श्वासाचं काम करणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या जनुकाची नक्कल निघते, तेव्हा तिच्यामध्ये एक फालतू पट्टा येतो, इंट्रॉन. तो स्वतःची घडी घालून कापून निघतो आणि उरलेली टोकं जोडली जातात. तुम्ही जादा कापड काढून शिवण जुळवता, तसंच. आमच्या यीस्टच्या पट्ट्यात एकच अक्षर चुकलंय, म्हणून घडी बसत नाही. चार वर्षांपूर्वी अशा एका प्लेटवर एक ठिपका वाढला. मी जाहीर केलं, पट्ट्यात दुसरीकडे एक अक्षर आपोआप बदलून घडी सुधारली. आता घडीत कोणतं अक्षर कोणाला धरतं ते कळेल. बक्षीस त्याचंच.

ते दुसरं अक्षर शोधायला मी ढापणीला बसवलं. माझी विद्यार्थिनी, जाड चष्मा, कामाला वाघ. तिला काही सापडेना. उलट म्हणाली, "मॅडम, यात पहिली चूकसुद्धा नाही. हे साधं धडधाकट यीस्ट आहे." मी म्हटलं, यीस्टच्या नळ्यांची अदलाबदल केलीस. तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर. उद्या अकराला समिती तिला निष्काळजीपणाबद्दल काढून टाकणार आहे. तक्रारीवर सही माझी आहे.

बाबा, नळ्या बदलल्या नव्हत्या. त्या दिवशी प्लेट आठ होत्या आणि निर्जंतुक तुकडे सात. आणखी एक तयार करायला तासभर गेला असता. धडधाकट यीस्टवर दाबलेलाच तुकडा मी आठव्या प्लेटवर दाबला. आमचं यीस्ट श्वास घेऊ लागलं तर गुलाबी होतं. आठव्या प्लेटवरचा तो ठिपका पांढरा होता, धडधाकट यीस्टसारखा. मी पाहिलं होतं. अन्नामुळे रंग चढला नसेल, अशी स्वतःची समजूत घातली. चार वर्षं घालतेय.

सकाळपासून दोनदा संचालकांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. सांगितलं तर माझी नोकरी जाईल, नाव जाईल. नाही सांगितलं तर त्या पोरीचं आयुष्य. मला सांगायचा धीर नाही आणि न सांगता जगवतही नाही. म्हणून आधी तुम्हाला लिहितेय. हे पाकीट पेटीत पडलं की मला माघार घेता येणार नाही.

दुकानात आरशाशेजारी माझ्या बक्षिसाची बातमी चौकटीत लावलीत, ती उतरवा. गिऱ्हाइकांनी विचारलं तर 'चूक झाली' म्हणू नका. सांगा, माझ्या पोरीने खोटं सांगितलं.

अजूनही म्हणाल तर, तुमचीच
लेक