पोटाचं चामडं आणि सुचित्राची बॅग

डिलाईल रोड, मुंबई
रविवार, दुपारच्या जेवणानंतर

ती. लवूदादास,

जयवंतचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्ध्यात थांबलेला नमस्कार गोड मानून घे). वहिनींचे गुडघे आणि तुझा खोकला कसा आहे ते कळव. इकडे सगळे धडधाकट, माझा डावा अंगठा सोडला तर.

कोयत्याला चामड्याचं म्यान करायचंय, हत्यारं कोणती घेऊ, असं तू फोनवर विचारलंस आणि मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात कणकवलीची रेंज गेली. तसं हे ज्ञान फोनवर मावणारं नाहीच, म्हणून पत्र. जयवंता रिटायर झाल्यावर चामड्याच्या कामात उस्ताद झाला, असं तुझ्या कानावर आलंय. ते कुणी पसरवलं ते मला माहीत आहे (फॅमिली ग्रुपवर मीच टाकलं होतं). तेव्हा खरं काय झालं ते आधी ऐक, मग चामड्याला हात लाव.

सुचित्रा मार्चअखेर शाळेच्या ऑफिसातून निवृत्त होणार होती. एकतीस वर्षं तिने रेक्झिनच्या पर्सा वापरल्या. त्यांचे पापुद्रे निघून मस्टरवर पडायचे आणि ती फुंकर मारून पुढची सही घ्यायची. माझ्या मनाने घेतलं, की निरोपाच्या दिवशी तिच्या खांद्यावर खऱ्या चामड्याची बॅग पाहिजे आणि ती मी केलेली पाहिजे. (विकत का नाही आणली, असं वहिनी विचारतील. त्यांना सांग, रिकाम्या माणसाला सोपा रस्ता दिसत नाही.) व्हिडिओ बघून मी सव्वीस हत्यारांचा संच मागवला. त्यातल्या नऊ वस्तू कशासाठी आहेत ते अजून कळलेलं नाही. एक मी पाठ खाजवायला वापरतो.

गुरू पाहिजे हे पहिल्याच दिवशी कळलं. परळला हॉस्पिटलच्या रस्त्यावर मीराबाई चपला-बॅगा दुरुस्तीला बसतात. नवरा गेल्यापासून गादी त्याच चालवतात आणि त्यांची शिवण तुटलेली कुणी पाहिली नाही. सरळ जाऊन शिकवा म्हणायला मला संकोच वाटला, म्हणून मी रोज चपलेचा अंगठा घरीच उपटून त्यांच्याकडे न्यायचो आणि त्या शिवताना टक लावून बघायचो. चौथ्या दिवशी त्या मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, अंगठा रोज तुटत नाही. काय पाहिजे ते सांगा."

सांगितलं. त्यांनी सव्वीस हत्यारं बघितली, बाजूला सारली आणि स्वतःची चार पुढे ठेवली. रापी, म्हणजे चामडं कापायचं नि कडा सोलून पातळ करायचं पातं; भोकं पाडायची आरी; आणि दोन सुया. वर मेण लावलेला दोरा. तूही एवढंच घे. रापीला धार पाहिजे, कारण बोथट रापी चामड्यावरून घसरते आणि थेट अंगठ्यावर येते (अंगठ्याचं हे असं झालं). भोकं सारख्या अंतरावर यायला जेवणाच्या काट्या-चमच्यातला काटा घे आणि कडेने दाबत जा, आपोआप खुणा पडतात. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून एकाच भोकातून समोरासमोर ओवायच्या. मग एका बाजूचा दोरा झिजला तरी दुसरा धरून ठेवतो. ठोकायला खाली दगड हवा. मी पाटा घेतला. खालच्या मजल्यावरच्या राधाबाईंनी निरोप पाठवला, की मसाला आमच्याकडे मे महिन्यात करतात, तुमच्याकडे फेब्रुवारीतच का? सुचित्रा घरी यायच्या आत पाटा धुवायचा, चामडं चिकटवायच्या सोल्युशनचा वास जावा म्हणून उदबत्त्या लावायच्या. माझी भक्ती वाढली असं तिला वाटलं. काही दिवस ती माझ्याशी फार हळुवार बोलायची, तब्येतीचं काहीतरी लपवतोय असं समजून.

आता माझी चूक सांगतो, ती तू करू नकोस. मीराबाईंनी बजावलं होतं की चामडं नुसतं बघून घेऊ नका, वाकवून, ओढून बघा; पाठीचं घ्या, पोटाचं ताणतं. मी धारावीत एकटाच गेलो. एक तुकडा असा मऊ, असा देखणा, की गालाला लावून बघितला आणि घेऊन आलो. बॅग झाली, दादा, खरंच सुंदर झाली. खांद्याचा पट्टाही त्यातूनच काढला. मीराबाईंनी पट्टा हातात घेऊन एकदाच ओढला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, कार्यक्रम कधी आहे? उद्या, म्हटलं. त्यांनी बॅग कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.

समारंभात सुचित्राला शाल, श्रीफळ आणि पितळेची भलीमोठी समई मिळाली. तिने कौतुकाने सगळं मी सकाळीच दिलेल्या बॅगेत भरलं आणि बॅग खुर्चीच्या पाठीला अडकवली. मी दुसऱ्या रांगेत. पहिल्या भाषणात बॅग दोन बोटं खाली आली. मुख्याध्यापिकाबाई जुन्या आठवणींत शिरल्या तेव्हा वीतभर. अध्यक्षांच्या भाषणात ती जमिनीला टेकली आणि आता सुचित्राचीच पाळी होती. ती उठली, सवयीने बॅग खांद्याला लावली. बॅग गुडघ्यावर आपटली, आतली समई वाजली आणि सगळा हॉल तिकडे बघायला लागला. तिच्या आयुष्यातला एक दिवस, आणि मी त्याचं हसं केलं, एवढंच मनात येत होतं.

तिने खाली बघितलं. मग शांतपणे पट्ट्याला मधोमध गाठ मारली, बॅग पुन्हा खांद्यावर घेतली आणि माईकपाशी जाऊन म्हणाली, "ही आमच्या ह्यांनी केली आहे. एकतीस वर्षांत त्यांनी पूर्ण केलेली ही पहिली वस्तू."

टाळ्या वाजल्या. घरी चालत येताना मी म्हटलं, चांगली विकतची आणू. त्यावर म्हणाली, "आणून तर बघा."

आता तुझं म्यान. बाभळीच्या सालीने कमावलेलं जाड चामडं घे, ओलं करून कोयत्यावर बसव आणि सावलीत वाळव. कोयता आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळ, नाहीतर ओल्या चामड्याला लोखंड लागून काळे डाग पडतात. धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये एक जाड पट्टी घालूनच शिव, म्हणजे धार दोऱ्यावर येणार नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
जयवंत

ता. क. बॅगेची शिवण कुठेच उसवली नाही, हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. शिवण मीराबाईंची आहे. माझी त्यांनी सगळी उसवून पुन्हा घातली होती.

ता. क. २ मुख्य काम राहिलंच. शाळेतल्या सात शिक्षिकांना तशीच बॅग हवी आहे आणि सुचित्राने परस्पर हो म्हटलंय. तेव्हा काजूच्या कामाला माणूस कमी पडतोय, जयवंताला महिनाभर पाठवा, असा फोन तू तिला कर. कृपा होईल.

ता. क. ३ लवूभावोजी, पत्र टाकायला माझ्याच हातात दिलंय. काजूला माणूस लागत असेल तर मी येते, शुक्रवारी निघते. ह्यांना इथे सात बॅगा शिवायच्या आहेत. — सुचित्रा