रुमालाखालचा भाव

मानवत, २ फेब्रुवारी १९८३

राणी आज विकली गेली, आणि तिला काय भाव आला हे मला अजून माहीत नाही. घोडी माझी. हे गेल्यावर तिची दोन्ही बाळंतपणं मीच केली.

पैदाशीसाठी घोडी पाहिजे म्हणून गंगाखेडचा व्यापारी आला होता. राणीचं वय, तिच्या आईचं कूळ, शिंगरं कशी निघाली, सगळं त्यानं मलाच विचारलं. सौद्याला मात्र बसले धाकटे दीर. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतो, तोंडानं बोलायचा नसतो. बाईनं परक्या पुरुषाच्या हातात हात कसा द्यायचा? मी दारातून तो हलणारा रुमाल पाहत राहिले. किती वेळ हलत होता!

"भाऊजी, किती ठरले?"

"वैनी, तुमाला काय करायचंय? तुमच्या चारा-पाण्याचं आमी बगतो ना."

मी राणीचं दावं धरलं. म्हटलं, भाव कळल्याशिवाय सोडणार नाही.

व्यापारी हसला. "बाईसाहेब, रुमालातली गोष्ट तोंडानं सांगत न्हाईत."

"मग रुमालात सांगा," मी हात पुढे केला.

कोणीच हसलं नाही. भाऊजींनी रुमाल झटकन खांद्यावर टाकला. "मिशनच्या शाळेत हेच शिकलाव का?" म्हणाले, आणि माझ्या हातातलं दावं काढून व्यापाऱ्याच्या हाती दिलं.

मी का सोडलं? अजून तो रुमाल डोळ्यांपुढे हलतोय.

राणी एकदाही अडली नाही. ज्याच्या हाती दावं, त्याच्यामागे मुकाट चालायचं, हे तिला लहानपणी मीच शिकवलं होतं.