डब्याशिवाय गेलेलं उत्तर

४ फेब्रुवारी

आज दिवसभर मी मॅडम होते. डोकं नुसतं भणभणतंय.

बाहेर कुणाला सांगायची सोय नाही — नोकरीवर घेतानाच तशी सही घेतलीय — म्हणून इथे लिहिते. मॅडमचे व्हिडिओ बघणाऱ्या आयांना वाटतं, मुलांबद्दलच्या प्रश्नांना मॅडम स्वतः उत्तरं लिहितात. मॅडमना ते प्रश्न कुणी दाखवतसुद्धा नाही! त्या वरच्या मजल्यावर. तिथे एका खोलीत मुलांची खोली उभी केलीय. पलंगावर कुणी झोपत नाही आणि खेळणी फळीला चिकटवलेली आहेत, शूटिंगमध्ये हलू नयेत म्हणून. आम्ही तिघी खाली, बिनखिडकीच्या खोलीत. रडणं, खाणं, झोप, हट्ट, बोलणं — प्रत्येकाचा मजकूर तयार. मुलाचं नाव घालायचं, शेवटी ‘तुमचीच’ म्हणून मॅडमची सही चिकटवायची, आणि वर एक खेळण्यांचा डबा विकायचा! पोर बोलत नसेल तर बोलका डबा, हट्टी असेल तर शांत डबा. आत चित्रं, ठोकळे, एक लाकडी बाहुली. बाहुली सगळ्या डब्यांत तीच. डब्याशिवाय उत्तर जाता कामा नये हा भाऊजींचा नियम.

भाऊजी म्हणजे मॅडमचे दीर. धंदा ते बघतात. मॅडम त्यांना भाऊजी म्हणतात म्हणून सगळं ऑफिस म्हणतं. चहा आणणारे आजोबासुद्धा!

५ फेब्रुवारी

लोकांच्या पोरांना कसं समजून घ्यायचं ते आठ तास लिहून घरी आले आणि दारातच स्वतःच्या कार्ट्यावर खेकसले. काय तर म्हणे बुटांची नाडी. नवरा म्हणाला, “मॅडमना विचारून बघ की!” मी हसले. मग आत जाऊन रडले. त्याचं दुकान बंद पडल्यापासून असं फार होतंय. तो भांडी घासून ठेवतो. घर माझ्या पगारावर चाललंय हे आम्हा दोघांनाही माहीत आहे, म्हणून तो विषय कुणी काढत नाही.

९ फेब्रुवारी

एका आईचा प्रश्न आलाय. पोर अडीच वर्षांची, लाडाने झिप्री म्हणते तिला. अजून तोंडातून एक शब्द नाही. लिहिलंय — ‘हाक मारली तर ढिम्म हलत नाही. पण दिवा लावला की लगेच वळून बघते. सासूबाई म्हणतात हट्टीच आहे. शांत डबा घेतला, बोलका घेतला. मॅडम, आता कुठला घेऊ?’

कुठला घेऊ! दोनदा वाचलं. आमच्या दादाचं हुबेहूब असंच होतं. सगळे त्याला मख्ख म्हणायचे. शाळेत मार खायचा. त्याला ऐकूच येत नाही हे कळेपर्यंत सात वर्षांचा झाला होता. आजही चारचौघांत बोलायचं म्हटलं की आधी माझ्याकडे बघतो.

शेजारच्या टेबलावरची चष्मिस म्हणाली, “अगं, मजकूर चिकटव आणि हो मोकळी. घरी नेणारेस का हा प्रश्न?”

घरी आणलाच.

१० फेब्रुवारी

पाठवलं. डब्याशिवाय! ‘काहीही घेऊ नका. हा हट्ट नाही. आधी तिचे कान तपासून घ्या. उद्याच जा.’ खाली मॅडमची सही. पाठवल्यावर उगाच पाणी प्यायला उठले.

११ फेब्रुवारी

भाऊजींनी बोलावलं. उत्तरं तपासतात ते, मला वाटलं होतं कधीतरीच तपासत असतील.

ओरडले नाहीत. ते कधी ओरडत नाहीत. “डॉक्टरकडे गेलेली आई डबा घ्यायला परत येत नाही,” म्हणाले. “आणि तुम्ही काय डॉक्टर आहात?”

नाही, म्हणून तर डॉक्टरकडे पाठवलं — हे मनातल्या मनात. तोंडाने म्हटलं, “चूक झाली.”

“महिनाअखेरीला बघू.”

बघू म्हणजे काय ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

१२ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी कार्ट्याचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाला, “बरोबर केलंस गं. पण आत्ताच करायचं होतं का?”

दोन्ही खरं. रागावू तरी कुणावर?

२८ फेब्रुवारी

पगार झाला. कुणी काही बोललं नाही. त्याचीच जास्त धास्ती वाटते.

२६ मार्च

झिप्रीच्या आईने व्हिडिओ टाकलाय! मांडीवर झिप्री, कानामागे इवलंसं यंत्र. आई हसतेय, रडतेय, सगळं एकदम. “डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. इतक्या जणांना विचारलं, सगळ्यांनी काही ना काही विकलं. एकट्या मॅडमनी सांगितलं, काही घेऊ नका, कान तपासा.” मागे कुणाच्या तरी हातून चमचा पडतो आणि पोर दचकून बघते. मी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा पाहिला. इतकं बरं वाटलं की काय सांगू! दादाला पाठवला. त्याने उत्तरात नुसता अंगठा पाठवला. त्याचं असंच.

दुपारी मॅडम खाली आल्या. पहिल्यांदाच! जवळून दमलेल्या दिसतात, आवाजही बसलेला. “कुणी लिहिलं होतं?” भाऊजींनी माझ्याकडे बोट केलं.

मॅडम माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. “छान लिहिलंस हं. मी बालवाडीत शिकवायचे ना, तेव्हा आयांना हेच सांगायचे. अहो, कान दाखवा, डोळे दाखवा, जरा मोकळं खेळू द्या. फुकट सांगायचे, त्यामुळे कुणी मनावर घ्यायचं नाही.” अजून काहीतरी बोलणार होत्या. भाऊजींनी घड्याळ दाखवलं. उठल्या.

मला त्या आवडल्या. हे लिहून ठेवते, कारण उद्या आवडतीलच याचा भरवसा नाही.

३० मार्च

मीटिंग. मला नोकरीवरून काढत नाहीयेत. उलट पगार वाढवलाय!

भाऊजींनी कान तपासणाऱ्या दवाखान्यांशी बोलणी पक्की केलीत. आमच्याकडून गेलेल्या प्रत्येक पोरामागे आम्हाला वाटा. आणि माझी ती वाक्यं — ‘आधी कान तपासून घ्या. उद्याच जा.’ — आता प्रत्येक मजकुराच्या शेवटी. रडणं असो, झोप असो, बहीणभावाची मारामारी असो. पुढे दवाखान्याचा पत्ता. “वाक्यांना हात लावू नका,” म्हणाले. “त्यात खरेपणा आहे.”

मी विचारलं, “पण सगळ्यांनाच कशाला?”

“तपासलं तर बिघडतं काय?”

मी दवाखान्याचा पत्ता उतरवून घेतला. घरी नवऱ्याने पगाराचं ऐकलं आणि कार्ट्याला खांद्यावर घेऊन खोलीभर नाचला. कित्येक महिन्यांनी असा हसताना दिसला. मी कसली तोंड वाकडं करते!

११ एप्रिल

ताईचा फोन. तिचं धाकटं नखं खातं. “मॅडमना विचारलं होतं, त्या म्हणतात कान तपासा. उद्या नेतेय.”

“अगं, नखांचा आणि कानांचा काय संबंध? तुझं पोर शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला तरी धावत येतं!”

“तुला काय कळतं त्यातलं? मॅडमनी स्वतः लिहिलंय. तू आपली तिथे ऑफिसात बसतेस.”

सही केलेली आहे. फोन ठेवला.

२० एप्रिल

कान, कान, कान. आजचं पान एवढंच.

२४ एप्रिल

चष्मिस म्हणते लोक चिडायला लागलेत. बऱ्याच जणी जाऊन आल्या, काही निघालं नाही, पैसे मात्र गेले. भाऊजी म्हणतात, काही निघालं नाही याचा आनंद माना असं लिहा. लिहिलं. आता कशाचंच काही वाटेनासं झालंय, नुसती झोप येते. ‘तुमचीच’ लिहिताना हात आपोआप चालतो.

६ मे

आज एका वडिलांचा प्रश्न आला. मुलगा तीन वर्षांचा, बोलत नाही, पाठीमागे ताट पडलं तरी दचकत नाही. झोप कुठल्या कुठे पळाली. तयार मजकूर पुसला, दवाखान्याचा पत्ता पुसला, स्वतः लिहायला बसले. पण दुसरं लिहिणार काय? आधी कान तपासून घ्या. उद्याच जा.

लगेच उत्तर — ‘हे तुम्ही सगळ्यांनाच लिहिता. माझ्या बहिणीला लिहिलंत, शेजारणीला लिहिलंत. दोघींची पोरं ठणठणीत. धंदा कळला तुमचा. आम्ही कुठेही जाणार नाही.’

मॅडमची सही काढून माझ्या नावाने लिहिलं. दादाचं सगळं लिहिलं. जात नाही. त्यांनी आम्हाला ब्लॉक केलंय.