शाफ्ट आणि लाल नाडी

शनिवार, संध्याकाळ

उद्या पुतणीची हळद काशीगावच्या आमच्या मैदानात, आणि आज सकाळी तिथे गवत गुडघाभर. त्यात ट्रॅक्टरवरून गवत कापायचा मोवर फिरवणारा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, तुटलेला. ह्यांनी नव्याचं माप मोवर जमिनीवर टेकवूनच घेतलं. मोवर उचलला की ट्रॅक्टरपासूनचं अंतर कमी होतं, हे ह्यांना का सुचू नये? टेप सापडेना, म्हणून मी परकराची लाल नाडी धरून मोवर खाली आणि वर, अशा दोन्ही मापांना गाठी मारल्या.

दुकानदार हसला. "मॅडम, लंबा ले लो, चलेगा."

"नहीं चलेगा. उठाते ही अटकेगा, गिअरबॉक्स तोडेगा."

मिटून आखूड गाठीत बसणारा आणि ताणून लांब गाठीपुढे जाणारा शाफ्टच घेतला. घरी आणून जोडला. मोवर वर, खाली, पुन्हा वर. कुठे अडकला नाही. उन्हं उतरायच्या आत मैदान साफ.

नाडी परत मागितली, तर हे म्हणाले, "ती आता ट्रॅक्टरची. तू दुसरी घाल."