कुनमिंगमधल्या दुपारी

ॲन आर्बर
५ ऑक्टोबर १९८६

सौ. मालूताईस,
मृणालचा नमस्कार.

राजाराम भाऊजींची पाठदुखी आता कशी आहे? सीमाला माझा पापा दे. 'मावशी, ग्रोस!' म्हणून ती गाल पुसेल, तरी दे. इथे झाडं लाल व्हायला लागली आहेत. विद्यार्थी परतल्यामुळे सकाळच्या बसला पाय ठेवायला जागा नसते. श्रीरंग हल्ली त्या बसनेच कामावर जातो. गाडी मी चालवते. याचं तुला नवल वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे.

तुझे फोन आले. कधी मी कणीक मळत होते, कधी बाहेर निघाले होते, असं श्रीरंगने तुला सांगितलं. खरं तर मी फोनशेजारीच बसले होते.

आम्ही परतलो त्या आठवड्यात मात्र मीच फोन उचलला होता. आठवतं? तुझा पहिला प्रश्न होता, "श्रीरंगला प्रवास झेपला ना?" मृणालला झेपला का, हे नाही विचारलंस. चीन कसं होतं ते सविस्तर लिही म्हणालीस. लिहिते.

सुट्टीत सगळे भारतात जातात. आपणही जाणार असं मी धरून चालले होते. मार्चमध्ये जेवताना श्रीरंग म्हणाला, "या वर्षी चीन करू. पाठीवर सॅक टाकायची आणि स्वस्तात फिरायचं." मला गंमत वाटली. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "चीन? बासष्ट साल विसरलात वाटतं!" हाँगकाँगला व्हिसा काढला आणि कॅन्टनहून गाडीत बसलो ते कुनमिंगलाच उतरलो. फळीसारखे बर्थ, खिडकीतून कोळशाची राख, आणि समोरच्या आजी माझ्या कुंकवाला बोट लावून बघत होत्या. मी खूश होते, ताई. तो हनिमूनला देखील माझ्याशी एवढं बोलला नव्हता.

त्याच गाडीत तो सहज म्हणाला, "लिन मेई कुनमिंगलाच असते."

लिन मेई म्हणजे त्याच्या डिपार्टमेंटला वर्षभर आलेली चिनी संशोधक. आमच्याकडे वरणभात चाटूनपुसून खायची. मी म्हटलं, "हे तू आधी बोलला नाहीस."

"बोललो असेन." तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर नुसता बोगदा होता.

कुनमिंग सुंदर आहे. उन्हाळ्यात देखील हवा आपल्याकडच्या डिसेंबरसारखी. हॉटेलच्या डॉर्मिटरीत स्वस्तात खाटा मिळाल्या. एका खोलीत दोन जर्मन मुली, एक ऑस्ट्रेलियन आणि आम्ही. किल्ली मजल्यावरच्या बाईकडे, उकळत्या पाण्याचा थर्मासही तीच द्यायची. सकाळी तळ्याकाठी पिंजऱ्यातले पक्षी फिरवायला आणणारे म्हातारे बघायचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात नूडल्स खायच्या. मेन्यू चिनीत. मी आत जाऊन शेजारच्याच्या वाडग्याकडे बोट दाखवायची, मांस नको म्हणून कोंबडीची, डुकराची नक्कल करून मान हलवायची. सगळं दुकान हसायचं. घासाघीस मीच करायची. रस्ते मीच शोधायची. मला वाटायचं, हा आळशी झालाय.

दुपारी मात्र तो एकटाच बाहेर पडायचा. "पुढच्या तिकिटाच्या रांगेत उभा राहतो, तू आराम कर." परत यायचा तो तिकिटाशिवाय. शर्टाला काहीतरी जळल्याचा कडवट वास. मी विचारलं, तर म्हणाला, "इथे सगळेच सिगरेटी फुंकतात." सिगरेटचा वास मला कळत नाही होय? जर्मन मुलीने एकदा विचारलं, "हजबंड कुठेय?" मी म्हटलं, "तिकीट काढायला." तिने भुवया उंचावल्या, तशा माझ्या मनातही उंचावल्या.

मग मी सगळंच तपासून बघायला लागले. फोन ठेवताना 'राँग नंबर' म्हणणं. न्यूयॉर्कची ती कॉन्फरन्स, जिच्याबद्दल परतल्यावर तो चकार शब्द बोलला नव्हता. आणि मूल. आधी ग्रीन कार्ड होऊ दे, मग घर होऊ दे, मग चीन होऊ दे. एका संशयाला दुसरा चिकटत गेला, ताई, आणि प्रत्येक वेळी मधोमध लिन मेईच दिसायची. संध्याकाळी गल्लीतून चालताना तो माझ्या सॅकचा पट्टा धरायचा. मला वाटायचं, दुपारचं पाप संध्याकाळी लाडाने फेडतोय. एकदा मी त्याचा हात झटकला. तो उभ्या सायकलींच्या रांगेवर आदळला आणि नडगीतून रक्त आलं. "डोळे फुटले का तुझे?" मी म्हटलं. तो हसला. ते हसू मला अजून झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मागे गेले. तो बसने गेला, मी भाड्याच्या सायकलवर. बस इतकी रखडत चालली होती की माझ्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. एका जुन्या बाजाराशी तो उतरला. तिथे निळ्या ब्लाऊजमध्ये लिन मेई उभी होती. तिने त्याचा दंड धरला आणि दोघं गल्लीत शिरले.

सायकल तिथेच टाकून मी त्यांच्या मागे आत शिरले. पडवी असलेलं एक घर होतं. बाकांवर माणसं बसलेली, मातीच्या भांड्यांतून काढे उकळत होते, आणि तो कडवट वास तिथे भरून राहिला होता. शेवटच्या बाकावर श्रीरंग डोळे मिटून बसला होता. त्याच्या भुवयांत, कानशिलांत, डोळ्यांच्या कोपऱ्यात बारीक सुया टोचल्या होत्या. पांढऱ्या कोटातला एक म्हातारा त्याच्या मानेजवळ धुमसती काडी धरून होता. ते लिन मेईचे काका.

तिने मला पाहिलं आणि ती बाजूला झाली. "आय टोल्ड हिम टू टेल यू," एवढंच म्हणाली.

"श्रीरंग," मी म्हटलं.

त्याने डोळे उघडले नाहीत. सुया होत्या ना. म्हणाला, "मृणाल, रागावू नकोस. मला कडेचं दिसत नाही. अंधारात तर काहीच नाही."

डोळ्यांच्या पडद्याचा आजार. बोगद्यातून बघितल्यासारखं दिसतं, आणि बोगदा अरुंद होत जातो. त्याच्या मामांना होता. याची मुलांनाही भीती, म्हणून मूल नको. न्यूयॉर्कला कॉन्फरन्स नव्हतीच, डोळ्यांचे स्पेशालिस्ट होते. त्यांनी उपाय नाही म्हटल्यावर लिन मेईने काकांचं नाव सुचवलं. चीनची सगळी ट्रिप एवढ्यासाठी. मी तिथेच बसून रडले. दुःखाने रडले की सुटकेने, कोण जाणे. बाई नाही, आजार आहे, याचा मला क्षणभर आनंद झाला, ताई. असली मी.

सुयांनी गुण आला नाही. त्याबद्दल फार लिहीत नाही.

परत येताना गाडीत मी विचारलं, "न्यूयॉर्कचे डॉक्टर कुणी शोधले?"

"मालूताईने," तो म्हणाला. "ती डॉक्टर आहे, म्हणून आधी तिलाच विचारलं. तीच म्हणाली, मृणालला एवढ्यात सांगू नकोस. ती हळवी आहे, तिला पेलणार नाही."

तर ताई, हे असं आहे. मागच्या थँक्सगिव्हिंगला आम्ही पार्सिपनीला आलो तेव्हा तुला सगळं माहीत होतं. रात्री परत निघताना तू मला म्हणालीस, "तूच ड्राइव्ह कर, श्रीरंग दमलाय." मी तुला प्रेमळ म्हटलं होतं. मला काय पेलतं हे तुम्ही दोघांनी फोनवर ठरवलंत, आणि मी स्वयंपाकघरात त्याच्यासाठी चहा करत होते.

हे स्थळ तूच सुचवलं होतंस. तुला लग्नानंतर कळलं असं श्रीरंग म्हणतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा असं मी ठरवलंय, पण ठरवावं लागतंय. तुझ्या तोंडून ऐकायचंय. फोनवर नको. फोनवर मला तुझा चेहरा दिसत नाही, आणि हल्ली मला चेहरे बघितल्याशिवाय काही खरं वाटत नाही.

खरं तर हे भांडण एखाद्या महिन्याने केलं असतं तरी चाललं असतं. आज लिहायचं कारण वेगळं आहे. इतकी पानं मी ते टाळत आले. मला दिवस गेलेत. तिसरा महिना. काल सकाळी श्रीरंगला सांगितलं. तो पोळ्यांना तूप लावत होता. हात तसाच राहिला. मग म्हणाला, "मुलाचे डोळे?" मी म्हटलं, "माहीत नाही. पण मला हवंय." त्याने तुपाचा चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, "मलाही हवंय. सांगायची हिंमत नव्हती."

इथले डॉक्टर नुसत्या शक्यता सांगतात आणि घड्याळाकडे बघतात. मला कुणीतरी पूर्ण सांगायला हवंय, वाईट असेल तर वाईट. तुझ्याइतकं मला कुणी ओळखत नाही, आणि आज तुझ्याइतका संशयही मला कुणाचा येत नाही. तरी ये. मी डेट्रॉइटच्या विमानतळावर न्यायला येईन. गाडीत आपण दोघीच असू. तेव्हा बोल. काही राखून ठेवू नकोस.

श्रीरंगने विचारलं, "ताईला कळवलंस?" मी म्हटलं, "नाही, आधी तुला." आमच्या घरात यापुढे हाच क्रम.

वाट बघते आहे, रागावूनच.
मृणाल